मुलगा साडेचारचा, मुलगी आठची: कॉम्प्युटर नक्की कधी शिकवायचा?

प्रश्न: ताई नमस्कार. मला दोन मुलं, मोठी मुलगी आठ वर्षांची आणि धाकटा साडेचारचा. माझ्या जावेनं तिच्या पाच वर्षांच्या मुलाला ऑनलाइन कोडिंगचा क्लास लावलाय आणि तो आता स्वतः गेम बनवतो असं ती सगळ्यांना सांगत असते. तेव्हापासून आमच्या घरी रोज हाच विषय. मिस्टर म्हणतात धाकट्याला आत्ताच टॅब घेऊ, लहानपणी शिकलेलं पक्कं होतं, पुढे सगळं कॉम्प्युटरवरच आहे. सासूबाई म्हणतात पोराचे डोळे जातील, चांगला मोठा होईपर्यंत हातच लावू देऊ नका. धाकटा तसा हुशार आहे, मोबाईल माझ्यापेक्षा भारी चालवतो, यूट्यूब स्वतः लावतो, जाहिरातसुद्धा बरोबर स्किप करतो. मोठीला शाळेत कॉम्प्युटरचा तास असतो पण घरी जुना लॅपटॉप दिला तर तिला काही सुधरत नाही, परवा एक चित्र काढलं आणि ते कुठे गेलं तेच सापडेना, रडायलाच लागली. मलाही फारसं येत नाही. तर कुठल्या वयात सुरू करायचं? आम्ही मागे पडतोय का?

उत्तर: नाही पडत. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं जरा निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळं पत्र धाकट्याबद्दल आहे, जावेचा मुलगा, क्लास, टॅब, डोळे, आणि मोठीबद्दल एकच वाक्य आहे, तेसुद्धा जाता जाता लिहिल्यासारखं. पण मला विचाराल तर तुमच्या घरात कॉम्प्युटर शिकायचं वय सध्या तिचं आहे, त्याचं नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला आज कॉम्प्युटर शिकवला नाही तर त्याचं काहीच बिघडत नाही, अगदी काहीच, आणि आठ वर्षांच्या मुलीला स्वतः काढलेलं चित्र सापडत नाही म्हणून रडू येतंय तर तिच्या शेजारी आज कोणीतरी बसायला हवं. त्यामुळे उत्तरातला मोठा भाग मी तिच्यावर खर्च करणार आहे, मिस्टरांना आवडो न आवडो.

पण आधी धाकट्याच्या हुशारीचं बोलू. तो हुशार असेलच, मी नाही म्हणत नाही, पण मोबाईल चालवणं हा त्याचा पुरावा नाही हो. टचस्क्रीन आणि ते व्हिडिओचे ॲप बनवताना हजारो लोकांनी डोकं लावलेलं असतं की वापरणाऱ्याला काही शिकावंच लागू नये, बोट लावलं की पुढचं सरकलं पाहिजे. म्हणजे शिकण्याचं काम त्या ॲपनं आधीच संपवून ठेवलंय, मुलाला फक्त बोट हलवायचं उरतं. लिफ्टचं बटण दाबता आलं म्हणून कोणी मुलाला इंजिनिअर म्हणत नाही ना, तसंच आहे हे. ‘आजकालची मुलं जन्मतःच डिजिटल’ हे जे आपण सगळीकडे ऐकतो त्याला ‘डिजिटल नेटिव्ह’ असं गोंडस नाव २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकानं चिकटवलं आणि ते इतकं चाललं की पालकांना वाटायला लागलं आता शिकवायची गरजच नाही. प्रत्यक्षात काय दिसलं तर २०१८ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या आठवीच्या मुलांची कॉम्प्युटर वापरण्याची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, आयसीआयएलएस नावाची, त्यात सगळ्यात वरच्या पातळीला पोचली फक्त २ टक्के मुलं आणि १८ टक्के तर सगळ्यात खालच्या पातळीलाही पोचली नाहीत. ही मुलं स्क्रीनसोबतच मोठी झालेली पिढी होती बरं का.

आता साडेचार वर्षांच्या हाताला काय जमतं ते बघा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी ४ आणि ५ वर्षांच्या मुलांना माऊस दिला आणि मोठ्या माणसांशी तुलना केली, त्याचा निबंध २००४ मध्ये आला. मुलं कर्सर, म्हणजे स्क्रीनवरचा तो बाण, चिन्हाच्या जवळपास व्यवस्थित नेतात पण जवळ गेल्यावर गडबड होते, पुढे जातं, मागे येतं, परत पुढे जातं, बारीक चिन्हावर तर थांबतच नाही. यात हुशारीचा काही संबंध नाही, हाताचे छोटे स्नायू अजून तयार होत असतात. आणि ते तयार होतात कशानं तर माती, कात्री, मणी ओवणं, खडू, बटणं लावणं अशा गोष्टींनी. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता मातीत हात घालून बसला असेल तर तो माऊसचीच तयारी करतोय असं समजा आणि मिस्टरांनाही तसंच सांगा.

दुसरी गोष्ट अक्षरांची. २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि एका सहकारी संशोधिकेनं अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, काही अक्षरं हातानं लिहायला लावली, काही कीबोर्डवर टाइप करायला, काही नुसती गिरवायला, आणि मग ती अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅन घेतलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते हातानं लिहिलेल्या अक्षरांना जागे झाले, टाइप केलेल्या किंवा गिरवलेल्या अक्षरांना तसे झाले नाहीत. आता एवढ्या एका प्रयोगावरून कीबोर्ड वाईट असं कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही, पण क्रम स्पष्ट आहे ना, आधी हातानं अक्षर, मग कीबोर्ड. अक्षरओळख नाही तोवर कीबोर्ड म्हणजे नुसती बटणांची पाटी.

स्क्रीन किती वेळ याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये देऊन ठेवलंय: २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तर अजून चांगलं. हा तास भरून काढायचा कोटा नाही, वरची मर्यादा आहे, हे लोक विसरतात. ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठी त्यातच दिवसाला तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोपही सांगितलीय (दुपारची धरून), ते कोणी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करत नाही.

सासूबाईंचं काय तर त्या अर्ध्या बरोबर आहेत आणि अर्ध्या चूक. स्क्रीनकडे बघितल्यानं डोळे ‘जात’ नाहीत. पण तासन्‌तास जवळचं बघणं आणि उन्हाउजेडात बाहेर कमी जाणं याचा लहान वयात चष्मा लागण्याशी संबंध आहे, आणि मजा म्हणजे डोकं खुपसून पुस्तक वाचलं तरी ते जवळचं बघणंच झालं. तैवानमध्ये मुलांचे चष्मे फार वाढले म्हणून २०१० पासून शाळांतून मुलांना रोज दोन तास बाहेर काढायची मोहीम सुरू केली आणि वर्षानुवर्षं चढत चाललेलं कमजोर नजरेचं प्रमाण त्यानंतर खाली यायला लागलं. तर सासूबाईंना म्हणा, डोळ्यांची काळजी तुम्हीच घ्या, रोज संध्याकाळी दोघांना घेऊन बाहेर जा. एका दगडात बरंच काही होईल.

म्हणजे धाकट्याला काहीच करू द्यायचं नाही का, तर तसं नाही. व्हिडिओ कॉलवर नातेवाईकांशी बोलू दे. तुमच्या मांडीवर बसून तुम्ही मेल टाइप करताना बघू दे, मधेच एखादं बटण दाबू दे. स्वतःच्या नावाची अक्षरं हातानं लिहायला लागला की मोठ्ठा फॉन्ट लावून त्याला नाव टाइप करू दे, बॅकस्पेस दाबून पुसू दे, मुलांना पुसण्यातच जास्त आनंद होतो. आणि एक खेळ स्क्रीनशिवाय खेळा, तुम्ही रोबो व्हा आणि त्यानं तुम्हाला हुकूम द्यायचे, दोन पावलं पुढे चल, उजवीकडे वळ, वाकून बॉल उचल. तो जे बोलेल तेवढंच आणि तसंच करायचं, भिंतीवर आपटायची वेळ आली तरी. हसून हसून पुरेवाट होईल पण कॉम्प्युटर म्हणजे सांगितलेलं तेवढंच करणारं यंत्र, न सांगितलेलं त्याला कळत नाही, हे त्याला पहिल्यांदा तिथे समजेल. यूट्यूब मात्र स्वतः लावणं बंद करा आणि ऑटोप्ले आजच बंद करा, कारण एक व्हिडिओ संपल्यावर थांबणं हे साडेचार वर्षांच्या मुलाला स्वतःहून जमणार नाही.

बास, त्याचं इतकंच. आता मोठी.

तिचं चित्र हरवलं नाहीये, ते लॅपटॉपमध्येच कुठेतरी आहे किंवा सेव्ह न करता बंद झालंय. आणि नेमकं हेच तिला माहीत नाही की ‘कुठेतरी’ म्हणजे कुठे. ही तिची चूक नाही, फोन आणि टॅबनं ही गोष्ट आपल्या सगळ्यांपासून लपवून ठेवलीय. फोटो काढला की गॅलरीत दिसतो, कोणत्या फोल्डरमध्ये आहे कोण विचारतं. २०२१ च्या आसपास याची बरीच चर्चा झाली होती, विद्यापीठात विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकवणारे प्राध्यापक सांगत होते की मुलांना फाईल कुठे सेव्ह केली विचारलं तर प्रश्नच कळत नाही, फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पनाच डोक्यात नाही, सगळं सर्च करून शोधायची सवय. कॉलेजची मुलं, वर्गात बाकी हुशार. सगळे पालक कोडिंग कोडिंग करत असतात आणि मुलं अडकतात ती इथे, म्हणून माझं ठाम मत असं की बेसिक कॉम्प्युटरचा पहिला धडा कोडिंग नाही, टायपिंगही नाही, फाईल आहे.

तर तिच्या नावाचा एक फोल्डर करा, तिलाच करू द्या, राइट क्लिक करून नाव तिनंच टाइप करायचं. आत अजून दोन, चित्रं आणि गोष्टी. मग एक चित्र काढायचं, नाव देऊन सेव्ह करायचं, प्रोग्रॅम बंद करायचा, लॅपटॉपही बंद करायचा, परत चालू करून तेच चित्र उघडायचं. बंद करून परत मिळालं की चेहरा बघा तिचा. मग मुद्दाम फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका, शोधायला लावा, डिलीट करा आणि रिसायकल बिनमधून परत काढायला लावा. फाईलचं नाव काय द्यायचं यावर भांडू नका, ‘अअअअ’ असं नाव देऊन चार दिवसांनी सापडलं नाही की पुढच्या वेळी आपोआप नीट नाव देते.

फाईलच्या जोडीनंच अनडू शिकवा, कंट्रोल झेड. माझ्या मते लहान मुलासाठी अख्ख्या कीबोर्डवर याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही कारण त्यानं भीती जाते. ज्या मुलाला माहीत आहे की बिघडलं तर मागे जाता येतं ते मूल मेनू उघडून बघतं, बटणं दाबून बघतं, आणि कॉम्प्युटर येणाऱ्या लोकांत आणि न येणाऱ्या लोकांत खरा फरक बहुतेक वेळा हाच असतो, माहितीचा फार कमी असतो. मोठी माणसं ‘बिघडेल बिघडेल’ करत बाजूला उभी राहतात तिथे मूलसुद्धा तेच शिकतं. लॅपटॉपवर तिचं वेगळं अकाउंट करून द्या, ॲडमिनचे अधिकार (लॅपटॉपच्या मुख्य सेटिंग्ज बदलायची परवानगी) नसलेलं, म्हणजे तिनं कितीही खटपट केली तरी तुमच्या फाईल्सना धक्का लागणार नाही आणि तुम्हाला दर दोन मिनिटांनी ओरडायची गरज पडणार नाही.

माऊसचं म्हणाल तर लॅपटॉपच्या टचपॅडवर शिकवू नका, साधा माऊस जोडा, छोट्या आकाराचा मिळाला तर उत्तम. सेटिंगमध्ये जाऊन कर्सरचा वेग कमी करा, कर्सर मोठा करा, डबल क्लिकचा वेगही कमी करता येतो, आणि हे तीन बदल केल्यावर निम्मी मुलं एकदम ‘हुशार’ होतात. डावखुरी असेल तर माऊस डावीकडे ठेवून बघा, जमेल त्या हातानं. पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल ठेवा.

एरर मेसेजचीही एक सवय लावा. स्क्रीनवर काही खिडकी आली की आपण सगळे न वाचता ओके दाबतो, खोटं बोलू नका, तुम्हीही दाबता. तिला सांगा की जे आलंय ते आधी मोठ्यानं वाचायचं. कळलं नाही तरी वाचायचं. पुढे आयुष्यात नको ते डाउनलोड करण्यापासून, फसव्या लिंकवर क्लिक करण्यापासून ही एक सवय जितकी वाचवेल तितकं कुठलंही ॲप वाचवणार नाही. सर्च करताना तसंच, वरचे एक-दोन निकाल बऱ्याचदा जाहिराती असतात आणि तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते तिला शोधायला लावा, मुलांना अशी लबाडी पकडायला फार आवडते.

टायपिंग लगेच नको, पण फार लांबही नाही. साधारण आठ-नऊच्या पुढे बोटं कीबोर्डवर नीट पसरायला लागतात, त्याआधी जबरदस्ती केली तर मुलं दोन बोटांनी पटापटा मारायला शिकतात आणि ती सवय मोडणं जास्त अवघड. एफ (F) आणि जे (J) या बटणांवर हात लावून बघायला सांगा, बारीक उंचवटा असतो, न बघता तर्जनी तिथे ठेवता यावी म्हणून. रोज दहा मिनिटं, खाली न बघता, वेग मोजायचा नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. मराठी टायपिंगचं एक सांगू का, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लहान मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो कारण स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला अशी सरळ मांडणी आहे. आपल्याला रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय लागलीय म्हणून तो अवघड वाटतो, मुलांना तसं ओझं नसतं.

आणि हे सगळं ‘चल आता कॉम्प्युटर शिकूया’ म्हणून शिकवायचं नाही, कंटाळून पळेल. तिला काहीतरी बनवायचं असलं पाहिजे. वाढदिवसाचं कार्ड, वाचलेल्या पुस्तकांची यादी, धाकट्या भावाच्या खोड्यांची गोष्ट, बाहुल्यांची हजेरी, काहीही. यादी बनवताना टेबल लागेल, कार्ड बनवताना चित्र टाकावं लागेल, तेव्हा जे अडेल ते त्या क्षणी शिकवायचं. शाळेतल्या तासाला बऱ्याच ठिकाणी सीपीयूचे भाग आणि इनपुट आउटपुटच्या व्याख्या पाठ करून घेतात, त्यात मूल पैकीच्या पैकी मार्क घेतं आणि घरी फाईल सापडत नाही. त्यात शिक्षकांना दोष द्यायचा नाही मला, एका कॉम्प्युटरवर तीन-तीन मुलं असली तर ते तरी काय करणार.

आता कोडिंग, कारण जाऊबाईंचं ते राहिलंच. मुलांनी प्रोग्रॅम लिहावा ही कल्पना नवीन नाही, १९६७ मध्येच सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन वगैरे मंडळींनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा बनवली होती, त्यात कासवाला हुकूम देऊन चित्र काढायचं. आज मुलं ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवतात त्या स्क्रॅचची मुळं तिथेच आहेत. स्क्रॅच २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालं, ते साधारण ८ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, आणि त्याचं धाकटं भावंड स्क्रॅच ज्युनिअर २०१४ मध्ये आलं ते ५ ते ७ वर्षांसाठी, त्यात वाचता यायचीही गरज नाही, चित्रांचे ठोकळे जोडायचे. दोन्ही फुकट आहेत. म्हणजे जाऊबाईंचा मुलगा पाचव्या वर्षी जे करतोय ते बहुतेक असंच काहीतरी असणार, त्यात वाईट काही नाही, त्याला मजा येत असेल तर छानच आहे, पण तुमच्या मुलानं ते सहाव्या, सातव्या किंवा दहाव्या वर्षी केलं तरी तो तितक्याच पुढे जाईल.

मिस्टर म्हणतील परदेशात तर पाचव्या वर्षापासून आहे. आहे ना. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून ५ वर्षांच्या मुलांनाही शाळेत कॉम्प्युटिंग आहे. पण त्यात ५ ते ७ वयाला काय आहे ते वाचा: कामाच्या पायऱ्या क्रमानं सांगणं, सोपा प्रोग्रॅम बनवून त्यातली चूक शोधणं, आपलं काम साठवून परत काढता येणं, स्वतःची माहिती खाजगी ठेवणं, आणि ऑनलाइन काही खटकलं तर कोणाकडे जायचं ते माहीत असणं. म्हणजे बराचसा भाग तोच जो मी वर मोठीसाठी सांगितला. आणि दुसरीकडे स्वीडननं, जिथे शाळांमध्ये स्क्रीन भरपूर होत्या, २०२३ मध्ये बालवाड्यांत डिजिटल साधनं सक्तीची करायचा नियम मागे घ्यायचं ठरवलं आणि छापील पुस्तकांवर परत जोर दिला. तेव्हा परदेशाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी देता येतं, वादात त्याचा काही उपयोग नाही.

क्लास लावायचाच असेल कधी तर डेमोच्या वेळी एकच करा, मुलाला बाजूला घेऊन विचारा की हे असं का चाललं, हा ठोकळा काढला तर काय होईल. सांगता आलं तर क्लास बरा. नाही आलं तर शिक्षक ओढून नेतायत आणि मूल मागे मागे क्लिक करतंय, प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळेल. आणि ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं जो फोनवर सांगेल त्याचा नंबर ब्लॉक करा.

टॅब की लॅपटॉप, तर तुमचा तो जुना लॅपटॉपच. हळू चालत असेल तर चालू दे. टॅबवर बघणं सोपं आणि बनवणं अवघड, कीबोर्डवाल्या मशीनवर उलटं, आणि आपल्याला तेच हवंय. लॅपटॉप हॉलमध्ये ठेवा, स्क्रीन येता-जाता दिसेल अशी, खोलीत दार लावून नाही. मेलचं स्वतःचं अकाउंट एवढ्यात नको, गुगलनंच बऱ्याच देशांत वयाची अट १३ ठेवलीय, त्याखाली पालकांच्या देखरेखीचं अकाउंट काढता येतं. चॅटजीपीटीचंही तसंच, त्यांच्या नियमात १३ वर्षांखाली परवानगी नाही, तेव्हा तिला काही विचारायचं असेल तर तुम्ही टाइप करा, ती शेजारी बसेल, आणि उत्तर चुकीचं असू शकतं हे एखादं चुकलेलं उत्तर दाखवून सांगा, नुसतं तोंडी सांगून पटत नाही. पूर्ण नाव, शाळा, पत्ता, फोटो कुठेही टाकायचा नाही आणि पासवर्ड आईबाबांशिवाय कोणालाही, अगदी मैत्रिणीलाही द्यायचा नाही, हे तिला आठव्या वर्षी पूर्ण कळतं.

यात एक गोष्ट मात्र तुम्ही दोघांनी पाळायचीय. तिनं येऊन सांगितलं की आई, मी चुकून काहीतरी भलतंच उघडलं किंवा कोणीतरी विचित्र मेसेज केला, तर ओरडायचं नाही आणि लॅपटॉप काढून घ्यायचा नाही. एकदा काढून घेतलात की ती पुढच्या वेळी सांगणार नाही, आणि खरी भीती त्या पुढच्या वेळेची असते. नियम मोडला म्हणून शिक्षा करायची तर करा, पण सांगितलं म्हणून शिक्षा झाली असं तिला कधीच वाटता कामा नये.

राहता राहिलं ‘मलाही फारसं येत नाही’. अहो, हे तर बरंच आहे की. ज्या पालकांना सगळं येतं ते मुलाच्या हातातून माऊस काढून घेतात, ‘थांब मी करते’ म्हणून चार सेकंदांत करून टाकतात, आणि मूल बघत बसतं. तुम्हाला येत नाही म्हणजे तुम्ही दोघी मिळून शोधाल, मेनू उघडाल, चुकाल, कंट्रोल झेड कराल. अडल्यावर काय करायचं हे तुमच्याकडे बघून शिकेल ती. फक्त हात मागे ठेवायचे, अक्षरशः पाठीमागे बांधून बसा वाटलं तर, माऊस तिच्याकडेच. रोज नको, आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास खूप झाला.

धाकटा मध्ये लुडबुड करणारच, त्याला शेजारी बसवा आणि ‘ताई आता काय करतेय’ ते सांगायचं काम द्या. टॅबचा विषय मिस्टरांनी परत काढला तर त्यांना सांगा की हरवलेलं चित्र आधी शोधून द्या, त्याच प्रोग्रॅममध्ये ‘अलीकडच्या फाईल्स’ची यादी असते तिथे बघा, नाहीतर डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे दोन फोल्डर तारखेनुसार लावून बघा, आणि शोधताना लेकीला शेजारी बसवा.